आमची बिनगाडीची गल्ली

देव्हाऱ्यातलं निर्माल्य रोज साठतं ना, तसे आमच्या भजनी मंडळात किस्से साठतात. टाकून द्यायचा धीरच होत नाही!

आमची गल्ली जळगावच्या जुन्या भागातली. पुढचा सिग्नल चुकवायला गावभरच्या गाड्या आमच्यातूनच जायच्या. कमलअक्कांचं घर अलीकडे, महादेव पलीकडे. एका गाडीचा निसटता धक्का लागला आणि अक्कांनी देवळात जाणंच सोडलं. मग मंडळाने महापालिकेत खेटे घातले. शेवटी साहेबांनी महिनाभर बॅरिकेड लावून बघायचं कबूल केलं. अट एकच, "गल्लीतल्याच कुणी गाडी आत घातली, तर बॅरिकेड उचलून नेणार!"

*

मी लगेच नवस बोलले, "गल्ली कायमची मोकळी होईपर्यंत भरीत खाणार नाही."

सासूबाईंनी जप थांबवला. "चातुर्मासात वांगं तसंही कोण खातं गं?"

मग मी चहा सोडला. तिसऱ्या दिवशी अख्ख्या घराने हात जोडले, "तू चहा घे, गल्लीचं आम्ही बघतो!"

*

बॅरिकेड सरकवून घुसणाऱ्यांसाठी आमच्या म्होरक्या शकूताई ताट घेऊन तयारच. बॉनेटला हळदकुंकू, मग टाळांसकट पाच आरत्या!

एक जण ओरडला, "मावशी, मला घाई आहे!"

"मग सिग्नलवरून जा बाबा. तिथे एका आरतीएवढंच थांबावं लागतं!"

*

फोनमधला नकाशा मात्र लोकांना आमच्याच गल्लीत पाठवायचा. आम्ही सोळा सोमवार धरायच्या विचारात होतो. शकूताईंच्या सुनेने फोनवर अंगठा फिरवला, 'रस्ता बंद' असं नकाशालाच कळवलं, आणि संध्याकाळपर्यंत गाड्या निम्म्या!

शकूताई म्हणाल्या, "हिला जरा उद्यापनाला मानाने बसवा."

*

आमच्या ह्यांना गाडी चौकात लावून चालत यावं लागे. रोज कुरकुर. पुढे रिपोर्टमध्ये साखर उतरली. श्रेय कुणाला? मेथीच्या पाण्याला!

*

त्यातच अधिक महिना. जावयाला बोलावून धोंड्यांचं वाण द्यायचं. अक्कांचे जावई धुळ्याहून कोरी गाडी घेऊन आले आणि बॅरिकेडपाशी अडले.

"गाडी दारापर्यंत येणार नसेल, तर मी इथूनच परत!"

शेजारी लेक रडकुंडीला आलेली. जावई वाणाशिवाय गेला तर अक्का जन्मभर हळहळणार, आणि गाडी आत घेतली तर गल्ली गेली! शकूताईंचासुद्धा हात बॅरिकेडकडे वळला.

तेवढ्यात काखेत पाट मारून, गुडघे सावरत, गल्लीच्या मधोमध अक्का चालत आल्या. मागून त्यांची सून ताट घेऊन. अक्कांनी बॅरिकेडच्या आतल्या बाजूला भर रस्त्यात पाट ठेवला.

"जवाईबुवा, पाट अठेच मांडेल शे. बसा!"

जावयांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गॅलऱ्या भरलेल्या. मुकाट्याने उतरले, बॅरिकेडखालून वाकून आले आणि बसले. अक्कांनी ओवाळलं, धोंड्यांवर तुपाची धार सोडली.

दुसरा धोंडा तोंडात, तोच मागून जोरात हॉर्न. "ओ दादा, गाडी काढा! आत जायचंय!"

जावयांनी पाटावरून मान वळवली, तुपाचा हात उंच केला आणि गरजले,

"दिखत नही का? रस्ता बंद शे!"