किरकोळ दुरुस्ती

दोन संगणकभाषांमध्ये दुभाष्याचं काम करणारी माझी एक छोटी प्रणाली नऊ वर्षं इंटरनेटवरच्या सार्वजनिक भांडारात, कुणीही घ्यावी म्हणून, फुकट पडून आहे. काल तिची नवी आवृत्ती चढवली. एक जुनी सोय "हे कोण वापरतंय?" म्हणत उडवली आणि बदलांच्या नोंदीत ऐटीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'.

सकाळी एका रक्तपेढीतल्या बाईंची मेल आली. या कामाबद्दल आलेली पहिलीच. "दादा, रक्तदात्यांची यादी उघडेना. पेशंटचे लोक दारात उभे आहेत. काय केलंत हो?"

"अभिनंदन! वापरणारं कुणीतरी सापडलं," बायको म्हणाली.

नऊ वर्षं नीट चालली तोवर मी कुणाचा कुणी नव्हतो. मोडली आणि दादा झालो. सोय धावतपळत परत बसवली, माफी मागितली आणि उत्तराची वाट बघत बसलो. संध्याकाळपर्यंत काही आलं नाही. यादी उघडली असणार.