कानाच्या पाळीतला शेंदूर

पुण्याच्या संग्रहालयात काचेआड बुद्धाची दगडी मूर्ती दिसली आणि मी थबकले. कानाच्या लांब पाळीत शेंदराचा ठिपका अजून राहिला होता. तेवढ्यावरून ओळख पटली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं सरलं आणि भिगवणजवळ गाळात ही मूर्ती सापडली. कुणाची, हे गावानं विचारलंच नाही. रानात दगडी देव सापडला की तेल-शेंदूर लावायचा, हीच रीत. चार दिवसांत त्याचा म्हसोबा झाला, पुढ्यात नारळ फुटू लागले.

आमच्या बौद्धवस्तीतून आई निघाली, मेणबत्ती आणि पाण्याची कळशी घेऊन. मीही बरोबर होते. उन्हानं तापलेल्या तेलाचा वास येत होता, त्यात चिखलाचा आणि माशांचा मिसळलेला.

"आबा, ह्यो बुद्ध हाय," आई तिथं बसलेल्या म्हाताऱ्या पुजाऱ्याला म्हणाली. "मांडीतलं हात बघा की. शेंदूर धुती मी."

"असंल बुद्ध," आबा शांतपणे म्हणाले. "पण बाई, शिवायचं न्हाय. लांबनं बघ."

ज्याच्यापाशी शिवाशीव नाही म्हणून माझे आजोबा बौद्ध झाले, त्यालाच शिवायची आईला बंदी! भरलेली कळशी तिनं तशीच माघारी आणली.

आता शेंदूर उतरलाय. खाली पाटीवर 'बुद्ध' लिहिलंय. ते वाचायला आई नाही. मी काचेवर तळवा टेकवला, तसा पहारेकरी ओरडला, "मॅडम, हात लावू नका. लांबून बघा."

तो सगळ्यांनाच तसं सांगत होता. एवढाच काय तो फरक.