मामांचं स्वच्छ तोंड

मार्केट यार्डातल्या आमच्या गाळ्यावरच्या मामांइतका तोंड दाखवायला उत्सुक हमाल अख्ख्या पुण्यात झाला नसेल. मॉलवाल्या गिऱ्हाइकांना मालाजवळ तंबाखू चालत नाही म्हणून शेठनी नियम काढला: रोज सकाळी प्रत्येक हमालाचं तोंड तपासायचं आणि वहीत 'तंबाखू' किंवा 'स्वच्छ' असा शेरा लिहायचा. तपासणारा मी, गाळ्याचा सुपरवायझर. बाकीचे हमाल चिडून, नजर चुकवून तोंड उघडत; मामा मात्र लांबूनच जबडा वासून येत. "बघा सायेब, उजवीकडची दाढ हलतीया, तीबी लिवा." पुढे पुढे पाठीवर पोतं असतानाही मी समोर आलो की ते सवयीनं आ करत. एकदा शेठच्या सासूबाई गूळ बघायला आल्या, तर त्यांच्यापुढेही केला. त्या बिचाऱ्या दोन पावलं मागे सरल्या.

मामांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. हमालांची पाठ दुखली की शेठ गल्ल्याजवळच्या डब्यातून गोळी देत. चहा तर मागाल तितका. मामा ती गोळी प्रसादासारखी कपाळाला लावून गिळत आणि म्हणत, "शेठनं दिली की औषीद, आमी खाल्ली की येसन. पोतं दोन्हीनं उचलतंय, सायेब." मी हसायचो, पण ओठ मिटून. कारण, हे आज पहिल्यांदाच लिहितोय, तोंडं तपासणाऱ्या माझ्याच गालात तंबाखूची चिमूट असायची. माझं तोंड कोण तपासणार? मामांना मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. जाता जाता माझ्या हातावर गुपचूप लवंग ठेवत. "वास येतुया," एवढंच.

मग मामांनी तंबाखू सोडली. धाकटी नात मांडीवर बसेना, "आजोबा, घाण वास" म्हणायची. आठ दिवस ते फुटाणे चावत, गुळाच्या ढेपांना शिव्या घालत फिरले. नवव्या दिवशी गिऱ्हाइकाचे तपासनीस आले आणि त्यांना वजनकाट्याखाली चुन्याची डबी सापडली. माझी. ते येणार म्हणून घाईघाईत मीच तिथे सरकवलेली.

"कुणाची आहे?" शेठ ओरडले. पंधरा दिवसांवर माझ्या मुलीचं लग्न. मी काट्यावरचे आकडे बघत राहिलो. मामांनी पोतं उतरवलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "माजी." आणि सवयीनं आ केला. आत कुणी पाहिलंच नाही.

"उद्यापासून येऊ नका," शेठ म्हणाले.

फाटकापाशी मी त्यांना गाठलं. "मामा, अहो..."

"पाठ कुठंबी चालती, सायेब. खुर्चीचं तसं न्हाई."

त्या तारखेला वहीत मामांच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'स्वच्छ'. शेठनी कधी ते पान उलटलं तर, या धास्तीनं ती वही मी अजून कपाटात कुलपाखाली ठेवतो. मुलीचं लग्न झालं, जावईही चांगला आहे. कुलूप मात्र काढवत नाही.

मामा आता मंडईत भाजीच्या पाट्या वाहतात. नको असलेली भाजी घ्यायला मी दर रविवारी तिथे जातो, आणि ते दिसेपर्यंत जीव टांगणीला लागतो. गेल्या रविवारी मला पाहून त्यांनी पाटी खाली ठेवली आणि लांबूनच आ केला. काय वाटलं कोण जाणे, भर गर्दीत मीही केला. मामा जवळ आले, मी करायचो तसे डोळे बारीक करून त्यांनी आत नीट पाहिलं, आणि खिशातून लवंग काढून माझ्या हातावर ठेवली.