खाकी कागदाचं माप

आमच्या दुकानात एका खिळ्याला खाकी कागदाच्या लांब पट्ट्या टांगलेल्या असायच्या. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीने एकदा विचारलं, हे काय, तर मी म्हणाले, रद्दी आहे.

दुकान महादेवपुऱ्याच्या एका गल्लीत, एका खोलीचं. प्रदर्शनात कंपन्या घडीचे स्टॉल लावतात ना, ॲल्युमिनियमची फ्रेम आणि तिच्यावर ताणून बसवलेलं छापील कापड, त्यातलं नुसतं कापड आम्ही नवं करून देतो. फ्रेम वर्षानुवर्षं टिकते. कापड मळतं, फाटतं, नाहीतर त्यावरचा मजकूर जुना होतो. फ्रेम विकणारे सांगतात, सगळा स्टॉलच नवा घ्या. ज्यांना ते परवडत नाही ते आमच्याकडे येतात. छपाई बाहेरून होते. कापणं आणि काठाला रबराची कड शिवणं अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. ती कड फ्रेमच्या खाचेत दाबली की कापड ताठ बसतं.

अप्पा मूळचे शिंपी. त्यांचे वडील, आजोबा, सगळे शिंपीच. तयार कपड्यांमुळे ते काम बसलं तेव्हा त्यांनी तेच मशीन या कामाला लावलं. माप घ्यायची रीतही तीच ठेवली. कागदाची पट्टी घेऊन बसने गिऱ्हाइकाच्या ऑफिसात जायचं, फ्रेम उभी करायला लावायची, चारही बाजूंना पट्टी धरून कात्रीने खाचा पाडायच्या. त्यांच्या खिशात टेप असे, पण ती आकडा लिहिण्यापुरती, नंतर.

"माप अंगावर घ्यायचं, कपड्यावरून नाही," ते म्हणत. "माणसाचे दोन खांदे सारखे नसतात. ही तर दहा वेळा डिकीत कोंबलेली फ्रेम."

मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली. ऑर्डरचे ईमेल, छपाईच्या फाइली हळूहळू माझ्याकडे आल्या. गिऱ्हाईक काही अवघड बोललं की अप्पा म्हणत, "ते आमच्या कॉलेज-अक्काला विचारा." मला ते फार आवडायचं. किती आवडायचं ते आता लिहिताना थोडं लाजायला होतं.

दोन वर्षांपूर्वी एचएसआर लेआउटमधून एक बाई आल्या. मूळ पुण्याच्या. घरच्या घरी पाणी तपासायचा संच त्या बनवत होत्या आणि व्हाइटफील्डला त्यांचं पहिलं प्रदर्शन होतं. स्टॉल कुणाकडून तरी जुना घेतलेला. फ्रेम बरी होती, कापड आधीच्या कंपनीचं. या कन्नड शहरात आम्ही मराठी बोलतो हे ऐकून त्या खूश झाल्या.

अप्पा म्हणाले, "सरी, ठीक आहे. उद्या येऊन माप घेतो, मॅडम." आणि खिळ्यावरची एक पट्टी काढून दाखवली, असं घेतो म्हणून.

बाई हसल्या. चेष्टा नव्हती, नुसतंच आश्चर्य. "काका, तुम्ही टेप नाही वापरत? कागदाने एक्झॅक्ट येतं?"

मला कानापर्यंत गरम झालं. फ्रेमच्या मॉडेलचा तक्ता माझ्या फोनवर होता, मिलिमीटरमध्ये. मी तो पुढे केला आणि म्हणाले, "राहू द्या अप्पा, हे अंदाजाचं काम नाही. कंपनीचं माप आहे माझ्याकडे."

अप्पांनी पट्टी हळूच गुंडाळली. "स्वल्प, जरा बघून आलो असतो," एवढंच म्हणाले. बाई म्हणाल्या, "ग्रेट, मग येण्याचा त्रास नको." अप्पांनी माझ्या आकड्यावर कापलं, शिवलं. ते मला थांबवू शकले असते. पण त्यांना वाटलं असावं की मी शिकलेय, तर मला ठाऊक असेल.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी बाईंचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. कापड बसत नव्हतं. आम्ही दोघं रिक्षाने निघालो. हॉलमध्ये सगळीकडे स्टॉल उभे राहात होते. आमच्या कापडावर पेला धरलेल्या मुलीचं चित्र होतं. त्या मुलीच्या गालावरून वरपासून खालपर्यंत मोठी सुरकुती गेलेली, आणि खालचा काठ खाचेच्या बाहेर लोंबत होता.

अप्पांनी फ्रेमवरून हात फिरवला. मागच्या मालकाने कधीतरी मोडलेले दांडे बदलले होते. नवे दांडे दोन बोटं आखूड. त्या तक्त्यातली फ्रेम आता तशी राहिलीच नव्हती. पट्टी लावली असती तर एका मिनिटात कळलं असतं.

अप्पा गुडघ्यांवर बसले, खालची आणि बाजूची कड उसवली, कापड फ्रेमवरच ओढून टाचण्या लावल्या आणि हाताने शिवायला लागले. कोट घातलेली माणसं त्यांच्या पायांना वळसा घालून जात होती. मी टाचण्यांची डबी धरून उभी. दोन तास लागले. सुरकुती गेली, पण खालच्या ओळीतला वेबसाइटचा पत्ता अर्धा दुमडीत गेला. बाई तो दुमडलेला काठ बघत उभ्या होत्या. तीन दिवस त्यांना त्याच्यासमोर उभं राहायचं होतं.

अप्पा उठले, गुडघे झटकले. "माप माझं चुकलं, मॅडम. माफ करा."

बाई भल्या होत्या. रागावल्या नाहीत. "असू दे काका. पण पुढच्या वेळी टेपने घ्या हं."

अप्पांनी मान हलवली. मी तिथेच होते, हाताच्या अंतरावर. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी डबीचं झाकण लावत राहिले.

परतताना रिक्षात मी म्हणाले, "अप्पा, तुम्ही का..."

"तुला पुढे लोकांशी बोलायचंय," ते म्हणाले. "माझं काय, मी मशीनमागे बसतो."

त्यानंतर त्यांनी गिऱ्हाइकाकडे जाणं सोडलं. नवं काम आलं की विचारायचे, "तुझ्या तक्त्यात काय आहे?" मी आता प्रत्येक फ्रेम जाऊन टेपने मोजते, चारही बाजू. काम चुकत नाही. पण खिळ्यावरच्या पट्ट्या वाढल्या नाहीत, आणि मला कॉलेज-अक्का म्हणणंही कधी बंद झालं ते लक्षात आलं नाही.

गेल्या महिन्यात त्याच बाईंचा मेल आला. नवं कापड हवं होतं, शेवटी लिहिलेलं, "माप प्लीज तू घे." मी त्यांच्या ऑफिसात खाकी कागद घेऊन गेले. पट्टी लावता लावता सांगून टाकलं, तेव्हा माप अप्पांनी घेतलंच नव्हतं, त्यांना मी जाऊ दिलं नव्हतं.

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाल्या, "अगं, मग तेव्हाच बोलायचंस ना. मी दोघातिघांना तुमचं दुकान सुचवलं, पण प्रत्येकाला सांगितलं, काम स्वस्त आणि चांगलं आहे, माप मात्र मुलीकडून घ्या."

मी बाईंना विनंती केली, त्या लोकांनाही खरं सांगा. त्या हो म्हणाल्या. सांगितलंही असेल.

दुकानात आले तेव्हा अप्पा सुईत दोरा ओवत होते. मी पट्टी त्यांच्यासमोर ठेवली, आणि बाईंना काय सांगितलं तेही सांगितलं. मला वाटलं होतं ते पट्टी हातात घेतील, बोटांमधून ओढून बघतील, खाचा मोजतील, निदान सैल धरलीस म्हणून बोलतील.

त्यांनी दोरा ओवला, टोक कापलं. "बरं केलंस," म्हणाले. मग चष्मा वर सरकवून मशीनकडे वळले. "आकडा काय आला? वाच."

मी टेप काढून पट्टी मोजली आणि आकडा वाचला. त्यांनी त्यावर कापलं. कापड नीट बसलं. पट्टी मीच खिळ्याला अडकवली.