सरांनी दुसऱ्यांदा न विचारलेला प्रश्न

गोठणकर सर गेल्याचा निरोप मला वापीच्या ऑफिसात फोनवर मिळाला. पलीकडून सरांच्या पत्नीचा, सुमनकाकूंचा आवाज आला, "संगीता, सर गेले गं... सकाळी चहा मागितला, आणि मी गाळून आणेपर्यंत..." मी खुळ्यासारखं विचारलं, "कोण गेलं?" काकूंनी पुन्हा सांगितलं. फोन ठेवल्यावर माझ्या मनात जो पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता, आणि सहा आठवडे उलटून गेल्यावर हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते. पहिला विचार आला तो असा, की आता सांगायचं राहिलं. रडू नंतर आलं, सिल्वासाच्या बसमध्ये बसल्यावर.

सर मूळचे रत्नागिरीकडचे. सिल्वासाच्या शाळेत गणित शिकवायला म्हणून आले आणि तिथल्याच आमली भागात दोन खोल्या घेऊन कायमचे राहिले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा त्यांनी मुंबईहून एक जुना कॉम्प्युटर टेम्पोत घालून आणला, काकूंच्या शिलाई मशीनची जागा बळकावली आणि बाहेरच्या खोलीत बेसिक नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेचा क्लास सुरू केला. आम्ही तेव्हा सायलीत राहायचो. माझे वडील धुळ्याकडून इथे धाग्याच्या कारखान्यात कामाला आलेले. बारावीनंतर माझं काय करायचं या काळजीत ते एकदा सरांकडे आले, दारातूनच त्या मशीनकडे बराच वेळ बघत राहिले आणि घरी परतताना मला म्हणाले, "माणसं सोडीसन त्या डबाले काय शिकाडस तुना सर?" मी दुसऱ्या दिवशी हे सरांना सांगितलं. सर इतके हसले की काकू आतून बघायला आल्या. मग म्हणाले, "बाबांना सांग, डब्याला काही शिकवत नाही. डब्यासमोर येऊन बसणाऱ्या माणसाशी नीट कसं बोलायचं, तेवढंच शिकवतो."

आणि खरोखर त्यांनी तेवढंच शिकवलं. बाकीच्या क्लासांत म्हणे पहिल्या दिवशी पाढे छापायचा प्रोग्राम देत. आमच्याकडे पहिला महिना फक्त विचारण्यात गेला. इनपुट नावाची आज्ञा लिहिली की पडद्यावर प्रश्नचिन्ह उमटतं आणि यंत्र उत्तराची वाट बघत थांबतं. हे थांबणं सरांना फार आवडायचं. ते मशीनशेजारी एक लाकडी स्टूल ठेवायचे. ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने त्या स्टुलावर बसायचं नाही, ते उत्तर देणाऱ्याचं. कधी काकूंना, कधी दूधवाल्याला, कधी खालच्या दुकानातल्या गुजराती शेठना तिथे बसवायचे आणि म्हणायचे, "आता तुझ्या प्रोग्रामने यांना नाव विचारू दे, वय विचारू दे. तू मधे बोलायचं नाहीस." शेठ वयाच्या जागी स्वतःचं नाव टाइप करायचे, आणि मग पडद्यावर ते प्रसिद्ध वाक्य यायचं, 'रीडू फ्रॉम स्टार्ट', म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सांगा. शेठ खजील व्हायचे आणि सर आमच्याकडे वळायचे. "ते चुकले नाहीत, तू विचारायला चुकलीस."

यंत्रात आकड्याचा खण वेगळा आणि मजकुराचा वेगळा. हा फरक त्यांनी चहावर शिकवला. काकू विचारायच्या, साखर किती? आमच्यातलं कुणी संकोचून म्हणायचं, थोडी. सर लगेच, "थोडी हा आकडा नाही. रीडू फ्रॉम स्टार्ट!" दोन चमचे म्हटल्याशिवाय कप हातात येत नसे. पण मी एकदा वडिलांचा कारखान्यातला टोकन नंबर आकड्याच्या खणात साठवला, तर उलट बाजूने ओरडा बसला. "बाबांच्या टोकनात दुसऱ्या कुणाचं टोकन मिळवणार आहेस? वजा करणार आहेस? मग तो आकडा कसा गो? ते त्यांचं नावच आहे, फक्त आकड्यांत लिहिलेलं. मजकुराच्या खणात ठेव." पुढे कंपन्यांतून मी कितीतरी मोठ्या प्रोग्रामांवर काम केलं, पण कोणती गोष्ट कोणत्या खणात जाते हे ठरवताना अजूनही मला तो ओरडा ऐकू येतो.

दुसऱ्यांदा विचारणं हा सरांचा स्वभावच होता. कुणी बरं आहे म्हटलं की ते विचारत, नक्की? भाजीवाल्यालाही विचारत. काकू वैतागून म्हणायच्या, "या माणसाशी लग्न ठरलं तेव्हा मला दोनदा होकार द्यावा लागला." त्यावर सर गंभीरपणे म्हणत, "पहिला तुझ्या वडिलांना ऐकू जावा म्हणून होता, दुसरा माझ्यासाठी."

...आता ते सांगते.

क्लासला दोन-तीन वर्षं झाली असतील. मी शिकून झाल्यावर सरांच्या हाताखाली नवीन मुलांना शिकवू लागले होते. तेव्हा बाहेरगावच्या एका संस्थेने सिल्वासात मोतीबिंदूचं शिबिर घ्यायचं ठरवलं. स्वयंसेवक खानवेलच्या बाजूच्या पाड्यांवर फिरून चिठ्ठ्या भरून आणायचे, नाव, गाव, वय, कोणत्या डोळ्याने दिसत नाही. त्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर चढवून पन्नाशीवरच्या माणसांची यादी छापून द्यायची, हे काम सरांनी अंगावर घेतलं. प्रोग्राम त्यांनी लिहिला, चिठ्ठ्या टाइप करायचं काम माझ्याकडे. बऱ्याच चिठ्ठ्यांवर वयाच्या जागी लिहिलेलं असायचं, '६० असेल', 'माहीत नाही', नाहीतर नुसतं 'म्हातारी'. तसं टाइप केलं की यंत्र म्हणे, पुन्हा पहिल्यापासून. सरांनी सांगून ठेवलं होतं की अशी चिठ्ठी बाजूला काढायची आणि खानवेलच्या बसने जाणाऱ्या स्वयंसेवकाकडे परत पाठवायची. त्याने त्या माणसाला पुन्हा भेटून विचारायचं, थोरला मुलगा केवढा आहे, नातवंडं किती, आणि त्यावरून अंदाज बांधायचा.

बाजूला काढलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा वाढत चालला. शिबिर दोन दिवसांवर आलं. स्वयंसेवक कुरकुरायला लागले, आणि मला माझी हुशारी दाखवायची होती. सर शाळेत गेले असताना मी प्रोग्राममध्ये बदल केला. वय आधी मजकूर म्हणून घ्यायचं आणि मग व्हॅल नावाच्या आज्ञेने त्याचा आकडा करायचा, अशी एक ओळ घातली. आता काहीही टाइप केलं तरी यंत्र अडत नव्हतं. एका दुपारीत सगळा गठ्ठा संपला. ज्या मजकुरात आकडाच नाही त्याचा व्हॅल शून्य करतं हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं, मुलांना शिकवलंही होतं. त्या दुपारी ते आठवलं नाही एवढंच.

म्हणजे ज्यांना आपलं वय माहीत नव्हतं, ती सगळी माणसं शून्य वर्षांची झाली आणि पन्नाशीवरच्या यादीतून गळाली. आणि वय माहीत नसलेली माणसं म्हणजे पाड्यांवरची सगळ्यात म्हातारी माणसं.

लाखीआजी त्यांतली एक. शिबिराच्या दिवशी ती सुनेचा हात धरून पहाटेच्या बसने खानवेलहून आली. दारावरच्या माणसाने यादी पाहिली आणि नाव नाही म्हणून सांगितलं. ती भांडली नाही. शिबिर भरलेल्या शाळेच्या पायरीवर बसून राहिली. संध्याकाळी सर तिथे पोचले तेव्हा निवडलेल्यांना घेऊन ऑपरेशनची गाडी निघून गेली होती आणि या दोघी अजून बसलेल्या होत्या. सर त्यांना घरी घेऊन आले. मी तिथेच होते. काकूंनी दोघींना जेवायला वाढलं आणि सरांनी आजीचं नाव कॉम्प्युटरवर शोधलं. वय, शून्य. तशी अकरा नावं निघाली. मग त्यांनी प्रोग्राम उघडला आणि ओळ-ओळ वाचत खाली गेले. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं.

"संगीता, ही ओळ कुणी घातली?"

त्या मशीनवर आणखी दोन मुलं काम करायची. मी म्हणाले, "माहीत नाही, सर."

मी वाट बघत उभी राहिले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, हे आजही शपथेवर सांगते. आयुष्यभर प्रत्येकाला दुसऱ्यांदा विचारणारा तो माणूस... त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि मशीन बंद केलं. नुसतं म्हणाले, "आजींना पाणी दे."

दुसऱ्या दिवशी संस्थेचे गृहस्थ तावातावाने आले. सरांनी त्यांना सांगितलं, "प्रोग्राम माझा आहे, चूक माझी." ते गृहस्थ क्लासच्या मुलांदेखत सरांना नाही नाही ते बोलले. मी आतल्या खोलीत कणीक मळत ऐकत होते. मळून झालेली कणीक मी पुन्हा मळत राहिले, पण बाहेर आले नाही. पुढचे कित्येक रविवार सर बसने पाड्यापाड्यांवर फिरले. अकरांपैकी बहुतेकांची त्यांनी कुठे ना कुठे सोय लावली. लाखीआजीची पाळी पुढच्या शिबिरात आली, वर्षभराने. तोवर तिचा उजवा डोळा पिकून, दुखून कायमचा गेला होता. आधी आणली असती तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. डावा वाचला.

त्यानंतर आजी बाजाराला आली की सरांकडे यायची. कधी रानभाजी आणायची, कधी करवंदं. सर तिला त्या स्टुलावर बसवून विचारायचे, "आजी, वय किती?" ती म्हणायची, "माना काय ठाव," आणि दोघं हसायची. मी समोर असले तर काहीतरी काम काढून आत जायचे. वर्षभरात मी सायलीच्या एका कंपनीत नोकरी धरली, मग लग्न, मग वापी. लोकांना वाटलं मुलगी पुढे गेली. मी पळाले होते.

शेवटची भेट गेल्या दिवाळीआधी आमलीच्या बाजारात झाली. सर थकलेले वाटले. "बरं आहे ना सगळं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "नक्की?" मी पुन्हा हो म्हटलं. हातात पणत्या होत्या, मागे नवरा स्कूटर चालू ठेवून उभा होता. आठ वर्षं जे तोंडाशी आलं नाही ते त्या गर्दीत कुठे सांगायचं, असं वाटलं. निवांत एक दिवस जाऊ आणि सांगू, असं मी तेव्हाही ठरवलं.

तेराव्याला लाखीआजी आली होती. तिला कुणी कळवलं कोण जाणे. त्या एका डोळ्याने तिने खोलीभर बघितलं, मग स्टुलाजवळ खाली जमिनीवर बसली. स्टुलावर बस म्हटलं तर बसेना. "इचारनारा नाय, तं बसून काय करू," म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

गेल्या रविवारी काकूंनी मला बोलावून घेतलं. मशीन कुणाला तरी द्यायचं होतं, त्याआधी कामाचं काही असेल तर बघ म्हणाल्या. फ्लॉपींच्या खोक्यात एकीवर सरांच्या अक्षरात 'शिबिर' लिहिलेलं होतं. मी ती घालून प्रोग्राम चालवला. पडद्यावर रोमन अक्षरांत लिहिलेलं सरांचं मराठी उमटलं, वय किती? मी टाइप केलं, माहीत नाही. त्या जुन्या वाक्याऐवजी उत्तर आलं, हरकत नाही, थोरलं मूल केवढं आहे? सरांनी सगळा प्रोग्राम नव्याने लिहिला होता. नवीन शिबिराचं काम त्यांना कुणीच दिलं नाही, तरी लिहिला होता.

मी तो आतून उघडला. माझी ती ओळ तिथे होती. सरांनी ती पुसली नव्हती, तिच्यापुढे फक्त रेम हा शब्द घालून ठेवला होता. रेम लिहिलं की पुढचं यंत्र वाचत नाही, ते फक्त माणसाने वाचण्यासाठी असतं. आणि त्याच ओळीच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, 'संगीता सांगेल तेव्हा काढायची.'

काकू आतून चहा घेऊन आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मला काय सांगतेस गं... त्यांना सांगायचंस." रागाने म्हणाल्या नाहीत. तो राग असता तर बरं वाटलं असतं.

बेसिकमध्ये ओळ काढून टाकायची तर नुसता तिचा क्रमांक टाइप करून एंटर दाबायचं असतं. मी क्रमांक टाइप केला. शेजारी ते स्टूल रिकामं होतं. एंटरवर बोट ठेवून मी थांबले, मग तो न दाबताच क्रमांक खोडला आणि मशीन बंद केलं.

ते मशीन आता माझ्याकडे, वापीत आहे. स्टूलही आणलं आहे. सर, ती ओळ मी घातली होती. ती अजून तिथेच आहे.