कुमुदताई आणि वरमाईची अट

कुमुदताई देशमुखांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "उंची किती?"

२००१ सालचा गणेशोत्सव होता. सांता क्लारातल्या एका मराठी घरी आरती झाल्यावर मी प्रसादासाठी उभा होतो. आदल्याच आठवड्यात माझी नोकरी गेली होती. त्या वर्षी आमच्या भागात इंजिनिअरांच्या नोकऱ्या जाणं सर्रास चाललं होतं. समोरच्या बाई लग्नं जमवतात हे कानावर होतं, म्हणून मी आधीच सांगून टाकलं की मी बेकार आहे. वाटलं, सुटका होईल. कुमुदताई म्हणाल्या, "नोकरी जाते न येते. उंची कुठं जाते? किती आहे ते सांगा." मी निमूटपणे सांगितली.

पुढे त्यांनीच जमवलेल्या एका जावयाच्या कंपनीत मला नोकरी लागली, व्हिसा वाचला, आणि दोन वर्षांनी मेधाशी माझं लग्नही त्यांनीच जमवलं. तेव्हा या गौरवग्रंथात मी निःपक्षपाती लिहीन अशी अपेक्षा वाचकांनी ठेवू नये. ताईंना हायवेवर गाडी चालवायची भीती वाटते. त्यामुळे गेली सात वर्षं त्यांचा हक्काचा ड्रायव्हर मीच आहे, आणि पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं मी स्टिअरिंगमागे बसून पाहिलेलं आहे.

कुमुदताई मूळच्या अमरावतीच्या. लग्नानंतर इकडे आल्या, वाचनालयात नोकरी केली आणि उरलेल्या वेळात लोकांची लग्नं जमवली, एक पैसा न घेता. बायोडेटावर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. स्थळ आलं की त्या न सांगता चहाला जातात आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात शिरून सिंक बघून येतात. "बायोडेटा लिहून द्यायला मित्र असतात," त्या म्हणतात, "भांडी ज्याची त्यालाच घासावी लागतात." माझंही सिंक त्यांनी असंच पाहिलं होतं. नशिबाने त्या दिवशी भांडी घासायची पाळी समीरची होती.

समीर माझा रूममेट. कोल्हापूरचा, हुशार, अबोल. ताईंनी त्याला एकामागून एक तीन मुली दाखवल्या. तिन्ही वेळा तो मुलीशी छान बोलला आणि घरी येऊन नको म्हणाला. चौथ्या मुलीचा फोटो टेबलावर ठेवला तेव्हा मी समोरच बसलो होतो. समीर म्हणाला, "काकू, प्लीज. मुली नका दाखवू. माझं डॅनियलशी जमलंय. वर्ष झालं."

ताईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, आता काही खरं नाही. त्या म्हणाल्या, "हे आधी काहून नाही सांगितलं? तीन मुलींच्या आयांना मी शब्द देऊन बसली न!" मग चौथा फोटो पर्समध्ये टाकला आणि विचारलं, "हा डॅनियल काय करते?"

डॅनियल शाळेत बँड शिकवतो. पुढच्याच शनिवारी ताई न सांगता त्याच्या अपार्टमेंटवर धडकल्या. पाणी मागितलं, आत गेल्या आणि बाहेर येऊन मला मराठीत म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे." त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला. आता उरलं होतं ते नेहमीचंच काम, म्हणजे वरमाईची समजूत घालणं.

समीरची आई, विमलताई, कोल्हापुरात शाळेत शिक्षिका होत्या. वडील लवकर गेले, मुलाला त्यांनी एकटीने वाढवलं. समीरने त्यांना आदल्या दिवाळीत सगळं सांगितलं होतं. तेव्हापासून त्या फोनवर फक्त हवापाणी विचारत. समीरला विचारून ताईंनी त्यांना फोन लावला. बराच वेळ ताईच बोलत होत्या. शेवटी विमलताई म्हणाल्या, "अहो, तुमच्या तिकडचं सरकारसुद्धा ज्याला लग्न म्हणत नाही, त्याला मी काय म्हणू? लोकांना काय सांगू? सरकारनं लग्न म्हणू दे, मग मी स्वतः येते. तोवर मला फोन करू नका." आणि त्यांनी फोन ठेवला.

फोन स्पीकरवर होता. समीरने सगळं ऐकलं आणि तो उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याच्यापुढे प्रश्न काही कायद्याचा नव्हता. आईने मुलाचा संसार आपला म्हणायचा की नाही, एवढाच होता, आणि उत्तर मिळालं असं त्याला वाटलं. कुमुदताई मात्र खुशीत होत्या.

"काहून रडून राहिला? अरे, त्यांनी अट घातली!"

"काकू, ही अट आहे? इट्स इम्पॉसिबल. आई नाही म्हणाली."

"नाही म्हणायचं असलं न, की लोक म्हणतात पत्रिका जुळत नाही. संपला विषय. ज्याला नको असते तो अट घालत नाही. अट घालणाऱ्याला कुठंतरी हवं असते. आपण अट पुरी करू."

लग्न जमवणाऱ्या बाईने आजवर नाना अटी पुऱ्या केल्या होत्या. मुलीने गाडी शिकावी, मुलाने मांसाहार सोडावा, कार्यालय अमुकच असावं. ही अट होती कॅलिफोर्निया राज्याचा कायदा बदलण्याची. ताईंना त्यात फारसा फरक दिसला नाही. फक्त वेळ जास्त लागेल, एवढंच त्या म्हणाल्या.

समलिंगी विवाहाच्या हक्कासाठी काम करणारा एक गट आमच्या भागात होता. बहुतेक विशीतिशीतली मुलं. त्यांच्या बैठकीला नऊवारी वयाच्या, पण पाचवारी नेसलेल्या कुमुदताई स्टीलच्या डब्यात चिवडा घेऊन दाखल झाल्या. दारोदार जाऊन लोकांशी काय बोलायचं याचा एक कागद तिथे देत. ताईंनी तो माझ्याकडे दिला आणि पहिल्याच दारात विचारलं, "तुमचं लग्न कसं जमलं?" आपल्या लग्नाची गोष्ट सांगायला कोणाला नको असतं? लोक बोलत, हसत, कुणी आत बोलावून फोटो दाखवी. मग ताई म्हणत, "माझ्याकडे एक लग्न अडलंय, त्याचं सांगू का?" काही जण तोंडावर दार लावून घेत, नाही असं नाही. अशा वेळी ताई दाराला नमस्कार करून पुढच्या घराकडे वळत.

विवाहाचं विधेयक विधिमंडळात आलं तेव्हा आम्ही सॅक्रमेंटोला सुनावणीला गेलो. सामान्य नागरिकांनी माइकपाशी येऊन फक्त नाव, गाव आणि बाजूने की विरुद्ध एवढंच सांगायचं, असा तिथला नियम. समितीच्या अध्यक्षांनी तो पुन्हा पुन्हा बजावला. ताईंनी पदर सावरला आणि त्यांच्या ठाशीव इंग्रजीत सांगितलं, "कुमुद देशमुख, सांता क्लारा, विधेयकाच्या बाजूने. मी लग्नं जमवते आणि एक लग्न तुमच्यापाशी अडलेलं आहे." सभागृह हसलं. अध्यक्षही हसले आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

एक आमदार कुंपणावर बसलेले होते. ताई त्यांच्या कार्यालयात इतक्या वेळा गेल्या की तिथली मुलगी त्यांच्यासाठी चहाचं पाणी ठेवू लागली. शेवटी एकदा आमदार स्वतः बाहेर आले. माझ्या मतदारांना हे आवडणार नाही, असं त्यांनी सांगितलं. ताईंनी ते मनावर घेतलं. घरी येऊन त्यांनी आजवर जमवलेल्या एकेका जोडप्याला फोन केला. "मी तुमचं लग्न जमवलं. आता माझ्यासाठी एक फोन करा." त्या मतदारसंघात राहणाऱ्या कुठल्या मराठी जोडप्याची नाही म्हणायची टाप होती? जोश्यांपासून गायकवाडांपर्यंत सगळ्यांनी फोन केले. माझ्या मेधाने तर तीनदा केला, दोनदा उत्साहाने आणि एकदा चुकून. कार्यालयातल्या त्या मुलीने काकुळतीला येऊन मला विचारलं, "हे सगळे त्यांचे नातेवाईक आहेत का?" मी म्हटलं, एका अर्थी हो. मतदानाच्या दिवशी त्या आमदारांनी बाजूने मत दिलं.

विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरून परत पाठवलं. दोन वर्षांनी पुन्हा मंजूर झालं, पुन्हा परत आलं. समीर खचला. ताई म्हणाल्या, "गव्हर्नर म्हणजे मुलाचा मोठा काका रे. सगळं ठरलं की रुसून बसते. त्याच्यासाठी लग्न थांबत नसते." पण गाडीत परतताना त्या पूर्ण वाट गप्प होत्या, हेही मी इथे लिहून ठेवतो.

या कामाची किंमत त्यांनी मोजली. "आपण परदेशात पाहुणे, आपल्याला या भानगडी कशाला?" असं इथल्या मराठी मंडळातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी सभेत विचारलं आणि आपल्या मुलीचं स्थळ ताईंकडून काढून घेतलं. त्यांच्यामागोमाग आणखी काही घरांनी तेच केलं. ताई एवढंच म्हणाल्या की पाहुणा तीस वर्षं टॅक्स भरत नाही. पुढे त्याच गृहस्थांच्या पत्नीचं ऑपरेशन झालं, तेव्हा रोज दुपारी त्यांच्यासाठी मऊ भात घेऊन जाणाऱ्या कुमुदताईच होत्या. गाडी अर्थातच मी चालवत होतो. त्या मुलीचं लग्नही शेवटी ताईंनीच जमवलं. गृहस्थांचं मत मात्र अजून बदललेलं नाही, आणि ताईंनीही त्यांना ते कधी विचारलेलं नाही.

यंदा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेच अशा विवाहांच्या बाजूने निकाल दिला आणि कायद्याने रस्ता मोकळा झाला. त्या संध्याकाळी ताईंनी कोल्हापूरला फोन लावला. इतक्या वर्षांत त्यांनी विमलताईंचा शब्द पाळून एकदाही फोन केला नव्हता.

"विमलताई, सरकारनं लग्न म्हटलं जी. तुमची अट पुरी झाली."

समीर हातातल्या किल्ल्या उगाच चाळवत होता. मग विमलताईंनी विचारलं, "तिकडं सप्टेंबरात थंडी असते काय?"

विमलताई आल्या. लग्न काउंटीच्या कार्यालयात झालं. नव्या दाखल्यावर वधू आणि वर यांच्या जागी 'पार्टी ए' आणि 'पार्टी बी' असं छापलेलं होतं. विमलताईंनी चष्मा लावून तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "हे तर जमिनीच्या खरेदीखतासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या, "पण शिक्का आहे." मग त्यांनी डॅनियलला जवळ बोलावून त्याची कॉलर नीट केली.

जेवण ताईंच्या घरी होतं. संध्याकाळी, कोल्हापुरात सकाळ झाल्यावर, विमलताईंनी कुणालाही न विचारता आपल्या जावेला फोन लावला. आम्ही सगळे तिथेच होतो. "अगं, समीरचं लग्न झालं आज. नाही, मुलगी नाही. मुलगाच आहे. डॅनियल. शाळेत शिकवतो, माझ्यासारखाच. होय, सरकारी लग्न. शिक्का मी डोळ्यांनी बघितला." मग त्या जरा वेळ ऐकत राहिल्या. पलीकडून काय विचारलं गेलं ते आम्हाला त्यांच्या उत्तरावरून कळलं. "लोकांना काय सांगायचं म्हणजे? मी तुला सांगितलं तेच सांगायचं. आणि गल्लीत पेढे वाट."

समीर तिथून उठून बाहेर गेला. डॅनियलला मराठी कळत नाही, पण तोही त्याच्यामागे गेला.

आता पुढच्या महिन्यात मतदान आहे. लग्न फक्त पुरुष आणि स्त्रीचंच, असं राज्यघटनेतच लिहून टाकावं असा प्रस्ताव मतपत्रिकेवर आहे. तो मंजूर झाला तर झालेल्या लग्नांचं काय होईल, हे आज वकिलांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही. कुमुदताई रोज दारं ठोठावत आहेत. विमलताई अजून इथेच आहेत; मागच्या रविवारी त्यांनी ताईंना सरळच विचारलं, "मतं विरुद्ध गेली तर ह्या दोघांचं लग्न मोडतं काय?"

ताईंनी आजवर कुठल्याही वरमाईला खोटा दिलासा दिलेला नाही. म्हणाल्या, "माहीत नाही जी. मोडू शकते."

विमलताईंनी हातातली भाजी निवडून संपवली. मग म्हणाल्या, "त्यांच्याकडनं मोडलं तर मोडू दे. मी कोल्हापुरात सांगून बसलेय. माझ्याकडनं आता मोडत नाही."

कुमुदताईंच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. माझ्याही होतं.

कुमुदताई, तुमच्या पंच्याहत्तरीनिमित्त आम्ही ज्यांची ज्यांची लग्नं तुम्ही जमवलीत ते सगळे एकत्र आलो आहोत. आयुष्य तुम्ही देवाशी वाद घालून हवं तेवढं मिळवालच. गुडघे तेवढे त्याने आपणहून सांभाळावेत, कारण दारं अजून पुष्कळ ठोठावायची आहेत. मतं विरुद्ध गेली तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन उभा असेन, म्हणाल तिथे जाऊ. समीर आणि डॅनियलच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील तेव्हा तुमची शंभरी भरलेली असेल. त्या दिवशीचं जेवण तुमच्याकडे आहे, असं विमलताईंनी आम्हाला आत्तापासूनच बजावलं आहे. आम्ही सगळे येणार आहोत. तुम्ही घरी असा.