मागच्या सीटवरच्या आक्का

निपाणीत शिरताना तंबाखूचा उग्र, गोडसर वास येई, आणि माझ्या मोटारसायकलवर मागे बसलेल्या शेजारच्या आक्का कानाशी येऊन हमखास विचारत, “भूतानात ऊस असतोय का गं?” वसंतात आम्ही दोघी तिकडे गाडीवरून भटकणार होतो. त्या आनंदात समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरची वर्दी त्या माझा खांदा थोपटून देत आणि खुदकन हसत.

अडचण एकच होती. पाचवारी साडी सावरून आक्का एका बाजूला बसत. तिथल्या घाटांत तोल जाईल, दोन्हीकडे पाय टाकूनच बसावे लागेल, असे मी सांगितले.

“पँट न्हाय घालणार मी. त्यापरीस तू एकटीच जा,” म्हणाल्या, आणि नंतर कुंपणाशी फिरकल्याच नाहीत. माझ्या नकाशातले डोंगर फिके पडले.

रविवारी सकाळी मी एकटीच गाडी काढून संकेश्वरला निघाले, तोच फाटक करकरले. हिरव्या नऊवारीचा घट्ट काष्टा घालून, हेल्मेट चढवून आक्का उभ्या होत्या.

“आईचं लुगडं हाय. ह्यातच बैलगाडी हाकायची ती.”

एका झोकात पाय पलीकडे टाकून त्या बसल्या. लुगड्यातल्या कापराचा मंद गंध दरवळला. माझ्या हेल्मेटवर टिचकी मारून म्हणाल्या, “हाण.”